मदत हवी आहे: बेडरूमला गडद मातकट रंग, मॅट की हलकी चमक?

मंडळी, खारघरमधला फ्लॅट. बेडरूम १० बाय १२, उंची साडेनऊ फूट, पश्चिमेला एकच खिडकी. रंग ठरलाय: ओल्या मातीसारखा, करड्याकडे झुकणारा तपकिरी. दार-खिडकी वजा करून भिंती साधारण ३८० चौरस फूट. लिटरमागे दोन हातांना १२० ते १३० फूट धरले तर ३ लिटर पुरतात. पण गडद बेसमध्ये, म्हणजे छटा मिसळायच्या मूळ रंगात, पांढरं पिगमेंट कमी, त्यामुळे झाकतो कमी. तिसरा हात धरला तर साधारण साडेचार लिटर लागतील, तेवढा सगळा रंग एकदमच मिक्स करून घ्यायचा विचार आहे. दुसऱ्यांदा मिक्स केलेल्या डब्यात छटा थोडी सरकतेच.

अडलंय ते फिनिशवर. मॅटमध्ये रंग खोल, मखमली दिसतो, पण हात किंवा पलंगाची कड घासली की चकाकणारा डाग उरतो, पुसायला गेलं की आणखी वाढतो. चमक घेतली तर पुट्टीचा प्रत्येक उंचवटा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात उघडा पडणार. पलंगामागची भिंत तेवढी चमकवाली, बाकी मॅट असं कुणी केलंय का? कोपऱ्यात फरक डोळ्यांत येतो का?

शिवाय खिडकीखाली पावसाळ्यात क्षार फुटतात. गडद रंगावर ते मिठासारखे दिसतील. बाहेरची भेग आधी भरणार आहोतच. आतून पुट्टी खरवडल्यावर भिंत किती दिवस सुकू द्यायची?

प्रायमर पांढराच, की करडा टिंट करून? पेंटर म्हणतो, ‘काही फरक पडत नाही.’ पटत नाही.