शिक्षण वाढलं, तरी स्त्रियांचा श्रमबल सहभाग घटला. कारणं वेगळी कशी काढायची?

प्रश्न
एकाच सर्वेक्षणाच्या दोन फेऱ्या आहेत, मध्ये दहा वर्षांचं अंतर. या काळात मुलींचं शिक्षण वाढलं, घरांचं उत्पन्नही वाढलं. तरी १५ वर्षांवरील स्त्रियांचा सहभाग दर खाली आला, आणि बेरोजगारीचा दरसुद्धा उतरला. हे चांगलं लक्षण समजायचं का?

उत्तर १
बेरोजगारी उतरली म्हणून लगेच खूश होऊ नका. समजा १००० जणींपैकी ५४० कामावर आहेत आणि ६० काम शोधताहेत. श्रमबल म्हणजे कामावर असलेल्या अधिक काम शोधणाऱ्या, म्हणून सहभाग ६०%; बेरोजगारी श्रमबलातल्या शोधणाऱ्यांचा वाटा, म्हणून १०%. त्या ६० पैकी २० जणींनी कंटाळून शोध सोडला, तर सहभाग ५८% होतो आणि बेरोजगारी ६.९% वर येते. नोकरी एकीलाही मिळालेली नसते! म्हणून कामावर असलेल्यांचं एकूण लोकसंख्येशी प्रमाणही सोबत मांडा. ते इथे ५४% वरून हललेलंच नाही.

मग वयोगट पाडा. १५ ते २४ चा गट लोकसंख्येच्या ३०% असेल आणि त्यांचा दर ४५ वरून ३० वर आला असेल, तर एकूण दरातली ४.५ अंकांची घट एवढ्यानेच होते. त्या मुली कॉलेजात असतील तर त्यात काळजीचं काही नाही. खरा प्रश्न २५ ते ५४ वयाच्या स्त्रियांचा असतो. गटांचे वाटेही बदलले असतील तर पहिल्या फेरीचे वाटे कायम धरून दर पुन्हा काढा.

उत्तर २
त्याआधी दोन्ही फेऱ्यांच्या प्रश्नावल्या शेजारी ठेवून वाचा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या चौकटीत २०१३ साली रोजगाराची व्याख्या आवळली गेली: मोबदला किंवा नफ्यासाठी केलेलं काम तेवढंच रोजगार. मुख्यतः घरच्या खाण्यापुरतं पिकवणं त्यातून बाहेर पडलं. मधल्या काळात नवी व्याख्या लागू झाली असेल, तर शेतात राबणारी तीच बाई पहिल्या फेरीत श्रमबलात आणि दुसऱ्या फेरीत बाहेर दिसेल.

दुसरी गफलत उत्तर देणाऱ्याची. बायकोबद्दल नवऱ्याला विचारलं की "घरीच असते" असं उत्तर येतं. "मुख्य काम काय?" एवढ्यावर न थांबता "गेल्या सात दिवसांत घरच्या शेतात किंवा दुकानात तासभर तरी काम केलं का?" असं खोदून विचारलं की आकडा वर जातो.

उत्तर ३
हे सगळं गाळूनही घट उरली, तर आर्थिक कारणांकडे वळा. क्लॉडिया गोल्डिन (२०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल) यांनी मांडलेला यू-आकार, म्हणजे देश विकसित होताना स्त्रियांचा सहभाग आधी पडतो आणि मग चढतो, इथे उपयोगी आहे. शेतीत घर आणि काम जवळ असतं. पुढे काम कारखान्यात जातं, नवऱ्याची कमाई वाढते, बाईने अंगमेहनत करणं कमीपणाचं मानलं जातं आणि सहभाग पडतो. माध्यमिक शिक्षण आणि कार्यालयीन नोकऱ्या वाढल्या की तो पुन्हा चढतो. पण शिक्षण आधी पोचलं आणि तशा नोकऱ्या आल्याच नाहीत, तर बाई तळाशीच अडकते. माझ्या मते तुमच्या आकड्यांत हेच आधी तपासायला हवं: शिक्षणाच्या पातळीनुसार दर काढा. मधल्या पातळीवर खड्डा दिसला तर संशय पक्का.

शिवाय हाती काय उरतं ते मोजा. पगार १०० धरला आणि पाळणाघर ४०, प्रवास १५, कर १० असा खर्च गेला, तर दिवसभर बाहेर राहून उरतात ३५. स्वीडनने १९७१ मध्ये नवरा-बायकोवर वेगवेगळा कर लावायला सुरुवात केली, कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने १९९७ पासून पाळणाघराचं शुल्क कमी केलं. दोन्हींचा रोख याच वजाबाकीवर होता. क्वेबेकमध्ये त्यानंतर लहान मुलांच्या आयांचा सहभाग वाढलाही.

प्रश्नकर्ता
मुलांची संख्या आणि वेतन थेट समीकरणात घातले तर?

उत्तर ३
दोन्हींत फसाल. जी कामावर नाही तिचं वेतन दिसतच नाही, आणि कामावर असलेल्यांची सरासरी तिला लावली तर अंदाज बहुधा फुगतो. आधी निवडीचा पक्षपात, म्हणजे फक्त कामावर असलेल्यांचंच वेतन दिसल्याने येणारा कल, दुरुस्त करा. मुलांचं म्हणाल तर नोकरी करायची असलेली बाई मूल लांबवते, त्यामुळे कारण कुठलं आणि परिणाम कुठला ते उलगडत नाही. अँग्रिस्ट आणि इव्हान्स या अर्थतज्ज्ञांनी १९९८ मध्ये यावर वाट काढली: पहिली दोन्ही मुलगे किंवा दोन्ही मुली असल्या की तिसऱ्या मुलाची शक्यता वाढते, आणि हा योगायोग नोकरीच्या इच्छेवर अवलंबून नसतो. मात्र मुलग्याचा हट्ट असलेल्या समाजात ही युक्ती तशीच उचलू नका. तिथे दोन मुली आणि दोन मुलगे यांचा परिणाम सारखा नसतो.