सगळ्या कोऱ्या सीडी सारख्याच? अजिबात नाही!

कोपरीकर: काल इथे एकाने लिहिलं की कोरी सीडी कुठलीही घ्या, सगळा माल एकच, ब्रँडवाले नुसते नावाचे पैसे काढतात. वाचून डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय. डेटा बसतो डायच्या, म्हणजे रंगद्रव्याच्या थरात आणि तो डायच कंपनीगणिक वेगवेगळा, जपानच्या तायो युदेनचा सायनीन, मित्सुईचा थॅलोसायनीन, व्हर्बाटिमचा अ‍ॅझो. सीडी-आर, म्हणजे हीच कोरी सीडी, 1988 साली काढली ती तायो युदेननेच, 2015 ला त्यांनी हे काम बंद केलं तेव्हा खरंच वाईट वाटलं. माझ्या त्यांच्या जुन्या सीडी अजून सरळ वाचल्या जातात आणि त्याच सुमारास ठाणे स्टेशनबाहेरनं घेतलेल्या बिननावाच्या सुट्ट्या सीडींचा चंदेरी थर पापुद्रे निघून गेलाय.

नेरूळवाला: मीच लिहिलं होतं आणि अजून तेच म्हणतो. ब्रँडवाले स्वतः बनवतात कुठे? एकाच नावाच्या दोन स्पिंडल, म्हणजे सीडींच्या चळती घ्या, एक रायटेकच्या कारखान्यातली निघेल, दुसरी सीएमसीच्या. सीडीवर आधीच नोंदलेला, बनवणारा कोण ते सांगणारा एटीआयपी कोड वाचून बघा की.

कोपरीकर: कोड वाचा म्हणताय म्हणजे फॅक्टरी बदलली की माल बदलतो हे तुम्हालाच मान्य आहे. मग सारख्या कशा?

वर्तकनगरची: तुमचं डाय-बिय राहू दे बाजूला. आमच्या लग्नाच्या सीडीवर स्टुडिओवाल्याने आमचा फोटो छापलेला गोल स्टिकर लावला होता, दोन पावसाळ्यांत तो फुगला, सासूबाईंनी काढायला घेतला तर खालची चंदेरी पण त्याच्याबरोबर आली. सप्तपदीच गेली.

कोपरीकर: ताई, स्टिकर ओढायचाच नसतो. सीडीत चंदेरी थर वरच्या बाजूला असतो, त्यावर लॅकरचा पातळ लेप फक्त. डीव्हीडीत तो दोन प्लास्टिकच्या मधे असतो म्हणून वाचतो.

वर्तकनगरची: म्हणजे चूक आमचीच का? पैसे घेऊन स्टिकर कोणी लावला?

पाचपाखाडी स्टुडिओ: मी याच धंद्यात होतो म्हणून बोलतो. अल्बमला हजारो देणारी माणसं सीडीच्या दहा रुपयांवरनं घासाघीस करायची, वर फोटोवाला स्टिकर पाहिजेच म्हणून अडून बसायची. मार्करने नुसतं नाव लिहून दिलं की म्हणणार, हे काय, पायरेटेड दिल्यासारखं.

वर्तकनगरची: आम्ही एक रुपया कमी केला नव्हता हो! आणि धोका गिऱ्हाइकाला सांगायचं काम तुमचं. आमचे आजेसासरे त्यात चालताना दिसतात, दुसरीकडे कुठे त्यांचं शूटिंग नाही.

पाचपाखाडी स्टुडिओ: सांगायला पाहिजे होतं, हे खरं. पण सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

नेरूळवाला: स्टिकर चांगल्या सीडीवर लावला असता तरी हेच झालं असतं, म्हणजे ब्रँडचा प्रश्न कुठे आला?

कोपरीकर: स्टिकरपुरतं बरोबर. पण बिननावाच्या माझ्या सीडींना स्टिकर नव्हता, उन्हात पण नव्हत्या, कपाटात बंद होत्या. त्या का गेल्या सांगा.

नेरूळवाला: बरं, अगदीच फालतू माल वेगळा, एवढं मानतो. पण खोक्यावरच्या नावाला पैसे देणार नाही, कोड बघूनच घेणार.

वर्तकनगरची: तुमचं चालू दे. आमची सीडी अर्धी चालते, उरलेलं कोणी काढून देईल का?

कोपरीकर: चालतो तेवढा भाग आधी कॉपी करून ठेवा. मग माझ्याकडे आणा, दोन-तीन जुने ड्राइव्ह आहेत, एकात अडकलेली दुसऱ्यात वाचली जाते कधीकधी. जिथली चंदेरी उडाली तिथलं मात्र येणार नाही. आणि राहिलेल्या स्टिकरला हात लावू नका.