ध्यानाला बसलं की घोरायलाच लागतो!

दादरकर: वय ५२. पहाटे साडेपाचला शिवाजी पार्कला तीन फेऱ्या पळतो, रविवारी सायकलने मरीन ड्राइव्ह. येताना हाजी अलीजवळ खारा वारा तोंडावर आला की उगाचच हसू फुटतं. (बायकोच्या मते डोक्यावर परिणाम झालाय.) पण घरी ध्यानाला बसलो की पाच मिनिटांत घोरतो. काय करावं?

बोरिवलीकर: पळून आल्या आल्या बसता का? मग डुलकी लागणारच. डोळे अर्धवट उघडे ठेवा. मी नॅशनल पार्कातून कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांपर्यंत सायकल चढवतो, भिक्खूंसाठी कोरलेल्या दगडी ओट्यावर श्वास मोजतो. गार दगड झोपू देत नाही!

गिरगावची मावशी: पोहे खाऊन बसत असाल.

दादरकर: मावशी, कसं ओळखलंत? दोन बश्या!