पहिली हाफ मॅरेथॉन, टार्गेट काय ठेवू? नुसती पूर्ण केली तर चालत नाही का?

रंकाळा_पहाटे
मंडळी, ऑफिसातल्या पोरांच्या नादानं हाफचा फॉर्म भरलाय. सकाळी रंकाळ्याला पळतोय, दहा किमी तसे आरामात होतात. पण जो तो विचारतोय टार्गेट काय, सब-टू, म्हणजे दोन तासाच्या आत, मारणार का. घरी वेगळीच तऱ्हा, आमचे आबा जुन्या तालमीतले, खासबागेत कुस्त्या बघत हयात गेली त्यांची, ते म्हणतात नंबर येणार न्हाई हे आधीच ठावं असताना पैसे भरून पळायला जातंय कोण. काय उत्तर द्यायचं सुचंना. मलाच धड माहीत नाही मी कशापायी पळतोय ते. तुम्ही काय ठरवून उतरता?

पेसवाला_भावा
सब-टू म्हणजे किमीला ५ मिनिटं ४१ सेकंद, ते पण सलग २१.०९७५ किमी. दहाचा टाइम सांग आधी मग बोलू. पण आकड्याशिवाय मजा नाही, राग मानू नको. अमेरिकेतल्या संशोधकांनी फुल मॅरेथॉनचे जवळपास १ कोटी फिनिश टाइम तपासले, २०१७ ला पेपर आला, त्यात चार तासाच्या जरा आत पोचणाऱ्यांची ही गर्दी आणि चारचा काटा सरला की आकडा धपकन खाली. चार तासाला कोण बक्षीस देत नाही, तरी शेवटच्या दोन किमीत माणूस जीव काढून पळतोय कारण तो आकडा डोक्यात बसलेला असतो.

तिकटीवरचा
आणि ४:०१ वाला आठवडाभर तोंड पाडून बसतोय ते पण लिही की 😂 बेचाळीस किमी पळून आलेला माणूस हाय तो!

लाँगरन_ताई
दादा, मी शुगर बॉर्डरला आली म्हणून चाळिशीनंतर सुरू केलं. शुगर कधीच आटोक्यात आली, तरी पळणं सुटलं नाही, आता रविवारचा ग्रुप आणि नंतरची मिसळ हेच खरं कारण म्हणा (घरी तब्येतीचंच सांगते). कारण बदलत जातं हो, फॉर्म भरतानाच ठरवून टाकायची काय गरज. आणि आबांना विचारा, पन्हाळा ते पावनखिंड भर पावसात एवढी माणसं चालत जातात, तिथं कितवा आलास असं विचारतंय का कोण?

घाटचढ
ताईंचा मुद्दा लै बरोबर. दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स शर्यत घ्या, तीसुद्धा पहिल्या महायुद्धात गेलेल्या सैनिकांच्या आठवणीसाठीच १९२१ ला सुरू झाली. नव्वदच्या आसपास किमी, मुदत बारा तास. वेळ संपली की एक माणूस फिनिशकडे पाठ करून बंदूक वाजवतो, त्यानंतर एक पाऊल उशिरा आलेल्यालासुद्धा मेडल नाही. तिथं जिंकणाऱ्यापेक्षा शेवटच्या दहा मिनिटात धडपडत येणाऱ्यांसाठी लोक जास्त ओरडतात. त्यांचा नंबर हजारात असतो आणि झुंज मात्र निकाली कुस्तीसारखी, आबांना हे पटंल बघा.

रंकाळा_पहाटे
@पेसवाला दहा किमी १ तास ८ मिनिटं.

पेसवाला_भावा
मग सब-टू विसर आत्ता. अडीच तास धर, किमीला सात-सव्वासात मिनिटं. पहिले पाच किमी मुद्दाम हळू जा, सगळे पुढं पळत सुटतील तरी जाऊ दे त्यांना. अडीच नाही झाले तर कट-ऑफच्या (शर्यतीच्या शेवटच्या मुदतीच्या) आत ये आणि पुढच्या वर्षी बघू. बघ, आकडा आलाच की नाही 😄

रंकाळा_पहाटे
अडीच फिक्स. आबांना पावनखिंडीचं सांगितलं, म्हणाले तिथं पैसे घेत न्हाईत.

तिकटीवरचा
आता काही ग्रुपवाले घेतात म्हणावं, वर टीशर्ट पण देतात.