कोल्हापुरात घर घ्यावं का सांगलीत? नवरा शिरोलीत, मी जयसिंगपुरात

राजारामपुरी_भाडेकरू

नमस्कार मंडळी. सहा वर्षं झाली राजारामपुरीत भाड्यानं राहतोय. नवरा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहे, मी जयसिंगपूरला शाळेत. पोरगी जूनमध्ये पहिलीला जाईल, म्हणून यंदा काय ते घर घेऊनच टाकू असं चाललंय. बजेट लोन धरून ५०-५५ लाख, त्याच्यावर एक रुपया नाही. टू बीएचके पाहिजे, पार्किंग पाहिजे, पाणी पाहिजे, बास.

आता भांडण असं की माझी बहीण सांगलीत विश्रामबागला राहते आणि तिच्याकडं गेलं की मला वाटतं एवढ्याच पैशात इथं किती ऐसपैस मिळतंय. नवऱ्यापुढं सांगलीचं नाव काढलं की तो जेवता जेवता उठतो. रंकाळा तलावावर रोज सकाळी चालायला जाणारा माणूस, त्याला वाटतंय मी त्याला काळ्या पाण्यावर पाठवतेय. वर कोल्हापुरातला प्रत्येक बिल्डर सांगतोय, "मॅडम, हायकोर्टाचं सर्किट बेंच आलंय, आता थांबू नका." खरंच एवढा फरक पडलाय का? दोन्ही गावात राहिलेल्यांनी सांगा.

बावड्याचा_बाळू

ताई, सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ ला सुरू झालं हे खरं, सीपीआर दवाखान्यासमोर आता सहा जिल्ह्यांचे वकील पक्षकार येत्यात, भाड्याच्या ऑफिसला मागणी आली आसंल. पण त्याचा आणि कळंब्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचा काय संबंध ओ? बिल्डरला निमित्त पाहिजे. आधी विमानतळ होतं, आता बेंच.

कोल्हापूर महाग असायचं खरं कारण म्हंजे हद्द. महापालिका १९७२ ला झाली आणि हद्द तेव्हापास्नं तेवढीच. मग गाव वाढलं कुठं, तर उचगाव, पाचगाव, मोरेवाडी, कळंबा. सगळा ग्रामपंचायतीचा कारभार. घरफाळा कमी लागतोय म्हणून माणूस खूश हुतोय आणि एप्रिलला टँकरवाल्याचा नंबर शोधतोय. तिकडं घेणार असाल तर बांधकामाची परवानगी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणाची हाय का बघा, ४२ गावं हायत त्यात.

आणि पूर. पंचगंगेला राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हंजे इशारा, ४३ म्हंजे धोका, हे आमच्याकडं पोरास्नी पाढ्याच्या आधी येतंय. २०१९ ला आणि २०२१ ला दोन्ही वेळा नदी ५५ च्या वर गेली. फ्लॅट बघायला गेलासा की वर जायच्या आधी पार्किंगमधी मीटरचा बोर्ड कुठल्या उंचीवर बसवलाय ते बघा. डोक्याच्या वर असंल आणि भिंतीला खाली नवा रंग, वर जुना असंल तर गाडी वळवायची आणि घरी यायचं. बिल्डर "पाणी गेटपर्यंतच आलतं" म्हणंल. गेटपर्यंतच येतंय हो, फक्त कुठल्या मजल्याच्या गेटपर्यंत ते इचारा.

विश्रामबागवाली

मी माहेरची कोल्हापूरची, सांगलीत येऊन अकरा वर्षं झाली, त्यामुळं दोन्हीकडून शिव्या खायला मोकळी :)

तुमच्या बहिणीचं बरोबर आहे, कोल्हापुरात टू बीएचकेला जेवढे मोजाल त्यात इथं एक खोली जास्त नाहीतर निदान बाल्कनी मोठी मिळते. गाव सपाट आहे, माझा मुलगा आठवीत आहे आणि क्लासला सायकलनं जातो, कोल्हापुरात मी त्याला सोडलं नसतं. दवाखान्याला मिरज दहा मिनिटांवर. पुण्या-मुंबईला काय बेळगावला काय, मिरज जंक्शनवरून गाडी मिळते, कोल्हापूरला रेल्वे संपतेच. शनिवार-रविवारी देवीला येणाऱ्या गाड्यांमुळं स्वतःच्याच घरी पोचायला अर्धा तास, ते इथं नाही.

पण उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये दुपारी सांगलीत बाहेर पडून बघा म्हणजे कळेल नवरा का उठतो ते. संध्याकाळचा तो कोल्हापूरचा गार वारा इथं नाही, मला अजून आठवण येते.

पुराचं म्हणाल तर आम्ही काही कोरडे नाही, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४० फूट इशारा, ४५ धोका आणि २०१९ ला ५७ फुटांच्या वर गेलं होतं. गावभाग, शामरावनगर, हरिपूर रोड, सगळं पाण्यात. विश्रामबाग कोरडं राहिलं, म्हणूनच इथले रेट तुम्हाला उपनगराचे वाटणार नाहीत. स्वस्त सांगितलं की गुंठेवारीचा, म्हणजे बिनपरवाना तुकडे पाडून विकलेला प्लॉट आहे का ते आधी विचारा. नियमित करून घेतला असेल तर कागद दाखवायला सांगा, "होऊन जाईल" म्हणाला तर उठा.

मुरूम_काळी_माती

सिव्हिलवाला आहे, एकच गोष्ट सांगतो जी कोण सांगत नाही. माती. आर के नगर, मोरेवाडीकडं दोन-चार फुटांवर मुरूम लागतो, पाया सोपा. सांगलीत बऱ्याच भागात काळी माती, पावसात फुगते आणि उन्हात आकसते. माझ्या चुलतभावाचं तिथं बैठं घर आहे, मे महिन्यात अंगणातल्या भेगेत मनगटापर्यंत हात जातो, आणि बाथरूमचा दरवाजा जुलैत लागत नाही, दिवाळीनंतर आपोआप लागायला लागतो. सुताराला तीन वेळा बोलवलं, सुतार काय करणार. फ्लॅटचा पाया नीट केला असेल तर काळजी नाही, पण बैठं घर किंवा रो हाऊस बघत असाल तर पाया किती खोल नेलाय, पाईल घेतलेत का हे विचाराच.

बाकी रेट काढताना कार्पेटवर (आतली प्रत्यक्ष वापरायची जागा) काढा, सेलेबलवर (जिना, पॅसेज वगैरे धरून सांगतात ती) नको. महारेरा नंबर साईटवर टाकून बघा. आणि घर तुमच्या एकटीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, ५० लाखाला ५० हजार होतात, नवऱ्याला विचारा जेवता जेवता :))

गल्ली_नंबर_सात

सगळं वाचलं. एक विचारू का, तुम्ही दोघं कामाला जाता कुठं? शिरोली आणि जयसिंगपूर. आता नदी काढा डोळ्यासमोर. शिरोली पंचगंगेच्या अलीकडं, कोल्हापूर पलीकडं. जयसिंगपूर कृष्णेच्या अलीकडं, सांगली पलीकडं. म्हणजे तुमच्या दोघांच्या नोकऱ्या दोन नद्यांच्या मधे आणि घर मात्र नदी ओलांडून शोधताय. २०१९ ला शिरोलीजवळ हायवे किती दिवस बंद होता आठवा, २०२१ ला परत तेच. सांगलीकडं जाताना कृष्णेवरच्या अंकलीच्या पुलाचं पण तसंच.

आमच्या जयसिंगपूरला का बघत नाही? शाहू महाराजांनी वडिलांच्या नावानं वसवलेलं गाव, आखीव रस्ते, गल्ल्यांना नंबर, पाहुण्याला पत्ता सांगायला एक वाक्य पुरतं. २०१९ ला शिरोळ तालुक्यातली माणसं जनावरं घेऊन आसऱ्याला इथंच आली होती. तुम्ही शाळेत चालत जाल, मिस्टर हातकणंगले मार्गे शिरोली, मधे पंचगंगा नाही. रस्ता मात्र चोकाकपर्यंत डोकं फिरवतो, चौपदरीचं भूसंपादन अडकत अडकत चाललंय, ते खोटं सांगणार नाही. मॉल वगैरे पण विसरा.

राजारामपुरी_भाडेकरू

सगळ्यांना थँक्यू. सहा वर्षं त्या रस्त्यानं जातेय येतेय आणि नद्यांचं हे गणित एकदापण डोक्यात आलं नव्हतं, लाज वाटली.

रविवारी दोन ठिकाणं बघून आलो. पहिलं नागाळा पार्काच्या खालच्या बाजूला, बजेटमध्ये, एकदम चकाचक. बाळूदादा, मीटरचा बोर्ड माझ्या हाताला पोचत नव्हता. नवऱ्याला दाखवला, तो वॉचमनला म्हणाला, "एवढ्या वर का ओ?" वॉचमन म्हणाला, "पोरं हात लावत्यात." परत येईपर्यंत गाडीत कोण बोललं नाही.

दुसरं जयसिंगपूरला, शाळेपासून सात मिनिटं. टू बीएचके, बजेटच्या तीन लाख खाली, गच्चीवरून उसाचं रान दिसतं. नवऱ्यानं सगळं फिरून बघितलं, नळ सोडून बघितले, पार्किंग मोजलं, आणि शेवटी एजंटला विचारलं, "इथं सकाळी चालायला तळं बिळं काय हाय का?"

एजंट आजून विचार करतोय.

बावड्याचा_बाळू

तळं नसूदे, कार्पेट किती म्हणाला ते टाका.