अधिकार नसताना केलेला करार: कार्योत्तर मंजुरी द्यावी का?

प्रश्न: व्यवस्थापन परिषदेची एक सदस्य

नमस्कार. राज्यातील एका विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेवर मी अध्यापकांतून निवडून आले आहे. पुढील बैठकीच्या कार्यपत्रिकेवर ‘संगणक प्रणालीच्या देयकास कार्योत्तर मंजुरी’, म्हणजे काम झाल्यानंतरची मंजुरी, असा एका ओळीचा विषय आला आहे. नस्ती (फाइल) मागवून पाहिली, तेव्हा कळले की एका विभागाच्या संचालकांनी प्रवेश अर्जांसाठी बाहेरच्या कंपनीशी परस्पर तीन वर्षांचा करार केला आहे. निविदा नाही, दरपत्रके नाहीत, खरेदी समितीची शिफारस नाही. करारावर विभागाचा गोल शिक्का आहे, पण कुलसचिवांची सही नाही आणि जावक क्रमांकाची, म्हणजे कार्यालयातून कागद बाहेर गेल्याच्या नोंदीची, जागा कोरी आहे. प्रणाली मात्र वापरली गेली. यंदाचे सगळे प्रवेश तिच्यावरच झाले. काम झाले आहे, तेव्हा मंजुरी देऊन विषय संपवावा, असे प्रशासनाचे म्हणणे आहे. नकार दिला तर केलेल्या कामाचे पैसे अडवल्यासारखे होईल, होकार दिला तर उद्या दुसरा विभागही हेच करील. अशा वेळी सदस्याने काय करावे?

उत्तर: निवृत्त लेखाधिकारी

महोदया, महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार विद्यापीठाच्या वतीने करार करण्याचा अधिकार कुलसचिवांना आहे, आणि तोही व्यवस्थापन परिषदेसारख्या प्राधिकरणांच्या निर्णयाच्या अधीन राहून. बैठकीत तातडीचे कारण पुढे केले जाईल. कलम १२(७) प्रमाणे तातडीच्या प्रसंगी कुलगुरूंना तत्काळ कारवाई करता येते हे खरे, परंतु तातडी का वाटली याची कारणे त्यांनी लवकरात लवकर संबंधित प्राधिकरणाला लेखी कळवायची असतात. तशी नोंद नस्तीत आहे का, हे आधी पाहा. प्रवेश दरवर्षी ठरलेल्या वेळीच येतात. त्यांना आकस्मिक प्रसंग म्हणता येणार नाही.

माझ्या नोकरीत एका खरेदीची तीन देयके माझ्या टेबलावर आली होती. तिन्हींवर एकच तारीख होती आणि प्रत्येक रक्कम निविदेच्या मर्यादेपेक्षा किंचित कमी होती, म्हणजे निविदा टाळण्यासाठी एकाच खरेदीचे तुकडे केलेले दिसत होते. मी आक्षेप लिहिला, तरी मंजुरी मिळाली. पुढे लेखापरीक्षणात वसुली निघाली, ती ज्याने केवळ देयक पुढे पाठवले त्या कक्ष अधिकाऱ्यावर, त्याच्या निवृत्तीच्या तोंडावर. ते मला अजूनही बोचते. म्हणून सांगतो, आपला आक्षेप इतिवृत्तात शब्दशः नोंदवून घ्या.

उत्तर: वकील

पैसे देणे आणि करार मान्य करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि प्रशासनाच्या प्रस्तावात त्या एकत्र झाल्या आहेत. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७० नुसार एखाद्याने फुकट करण्याच्या हेतूने न केलेल्या कायदेशीर कामाचा लाभ दुसऱ्याने घेतला, तर त्याची भरपाई द्यावी लागते. पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध बी. के. मंडल या खटल्यात अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून कंत्राटदाराने नागरी पुरवठा खात्यासाठी गोदामे बांधली होती. विहित पद्धतीने करार झालेला नव्हता, तरीही सरकारने बांधकाम स्वीकारून वापरले म्हणून सर्वोच्च न्यायालयाने त्याला मोबदला दिला. आपल्या कंपनीलाही यंदाच्या कामाची वाजवी किंमत मिळू शकते, आणि त्यासाठी करार मंजूर करण्याची गरज नाही.

मंजुरीचा धोका याच करार अधिनियमाच्या कलम १९९ मध्ये आहे. अनधिकृत कृतीला मान्यता दिली की ती ज्या व्यवहाराचा भाग आहे, त्या संपूर्ण व्यवहाराला मान्यता मिळते. म्हणजे एका देयकावर हात वर केलात, तर उरलेली दोन वर्षे, दरवाढीचे कलम आणि करार मोडल्यास द्यावयाची भरपाई हे सारे विद्यापीठाच्या गळ्यात पडू शकते. शिवाय कलम १९८ सांगते की मान्यता देणाऱ्याची वस्तुस्थितीची माहिती महत्त्वाच्या बाबतीत सदोष असेल तर मान्यता वैध ठरत नाही. एका ओळीच्या विषयावर परिषदेला पुरेशी माहिती मिळाली, असे कोण म्हणेल?

उत्तर: विभागप्रमुख

संचालकांचे समर्थन करत नाही, पण आमच्याकडे साध्या खरेदीची टिपणीसुद्धा टेबलाटेबलांवर महिनोन्‌महिने अडकते. अर्ज भरण्याची तारीख जाहीर झालेली असते आणि विद्यार्थी दाराशी उभे असतात. खरेदीच्या टप्प्यांना मुदत घातली नाही, तर असे करार थांबणार नाहीत. आणखी एक गोष्ट विचारा: विद्यार्थ्यांची आधार आणि बँकेची माहिती आज कोणाच्या सर्व्हरवर आहे, आणि करार नाकारल्यावर ती परत कशी मिळणार?

प्रश्नकर्त्या सदस्य

सर्वांचे मनापासून आभार. माहितीचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. आज कुलसचिवांना पत्र दिले आहे. मूळ करार, बारनिशीतील (आवक-जावक नोंदवहीतील) नोंदी आणि कलम १२(७) खाली काही अहवाल असल्यास तो बैठकीपूर्वी सर्व सदस्यांना मिळावा, तसेच विषयाचा मसुदा बदलून ‘करारास मान्यता न देता, झालेल्या कामाचे मूल्यांकन करून मोबदला ठरवणे’ असा करावा, अशी मागणी केली आहे. विद्यार्थ्यांची माहिती कंपनीकडून परत घेण्याचा स्वतंत्र विषयही दिला आहे. पत्राची पोच आवक क्रमांकासह घेतली आहे.