मदत हवी आहे : फिक्स्चरच्या कामासाठी आधी थ्रीडी सॉफ्टवेअर घेऊ की मिक्स्ड रिअ‍ॅलिटी हेडसेट?

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी उभी मिलिंग मशीन), एक रेडियल ड्रिल आणि सहा माणसं. फाउंड्रीतून येणाऱ्या कास्टिंगच्या (ओतीव भागांच्या) मशिनिंगसाठी फिक्स्चर, म्हणजे मशिनिंग होताना भाग पक्का धरून ठेवणारी जोडणी, बनवून देतो. वडिलांनी सुरू केलेलं काम, गेली चार वर्षं मी बघतेय. डिझाइन अजून टूडी ऑटोकॅडवरच चालतं. यंदा अडीच लाख बाजूला काढलेत. त्यात दोन्हींपैकी एकच गोष्ट नीट घेता येईल, म्हणून विचारतेय.

विषय कुठून निघाला ते सांगते. गणपतीच्या आधी एका बेअरिंग हाउसिंगचं फिक्स्चर केलं. ड्रॉइंग मी स्वतः तीनदा तपासलं होतं. लोकेटर (कास्टिंगची जागा ठरवणारे टेकू) बरोबर, डॉवेल पिनांची १० मिमीची भोकं एच७ टॉलरन्समध्ये, म्हणजे शून्य ते अधिक १५ मायक्रॉन, सगळी मोजून पास. कास्टिंग चढवलं, तीन क्लॅम्प आवळले आणि चौथ्याच्या नटवर एकोणीसचा पाना बसला, पण फिरेना. कास्टिंगची रिब (मजबुतीसाठीची उभी पट्टी) अगदी नटला खेटून आली होती. टॉप व्ह्यूत रिब दिसत होती, साइड व्ह्यूत नट दिसत होता, दोन्ही एकत्र माझ्या डोळ्यांपुढे आलेच नाहीत. बेसप्लेट परत मशीनवर घ्यावी लागली. आठ दिवस गेले, गिऱ्हाइकाची लाइन तेवढे दिवस अडकली. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

बेंचवर जोडणी चालू असताना, कास्टिंग चढवायच्याही आधी, आमचे फिटर काका क्लॅम्पला हात लावून म्हणाले होते, "ताई, हितं पाना फिरायचा न्हाई." काका वडिलांच्या वेळेपासून आहेत. ड्रॉइंग वाचता येतं त्यांना, पण त्यांची खरी नजर चालते ती वस्तू समोर आल्यावर. तोवर लोखंड कापून झालेलं असतं. मला ती नजर लोखंड कापायच्या आधी हवी आहे.

धाकटा भाऊ एका प्रदर्शनात हेडसेट लावून आला, तेव्हापासून म्हणतो क्वेस्ट ३ घे, नाहीतर जुना होलोलेन्स २ बघ. फिक्स्चर खऱ्या मापात बेंचवर उभं दिसेल, काका भोवती फिरून बघतील. हे ऐकल्यापासून ते चित्र माझ्या मनातून जात नाही.

सॉफ्टवेअरची चौकशीही केली. सॉलिडवर्क्सचं कोटेशन बजेटच्या वर गेलं. फ्यूजनची फुकट आवृत्ती धंद्यासाठी वापरता येत नाही. ऑनशेपच्या फुकट खात्यातलं काम कुणालाही दिसतं, आणि गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग असं उघड्यावर ठेवणं मला पटत नाही. क्रॅक टाकून देतो म्हणणारे दोघं भेटले. ते करायचं नाही, कृपया सुचवू नका.

कुणी लहान टूलरूममध्ये हेडसेट रोज वापरतंय का? चष्मा असलेल्या, साठीच्या माणसाला तो झेपतो का?

प्रतिसाद

ताई, मी पुण्यात भोसरीला जिग-फिक्स्चर डिझाइन करतो, सोळा वर्षं झाली. आधी एक सरळ गोष्ट : हेडसेट मॉडेल दाखवतो, बनवत नाही. तुमच्याकडे आज थ्रीडी मॉडेलच नाही, मग काकांना दाखवणार काय? आणि त्यात जे दिसतं ते त्रिकोणांच्या जाळीत बदललेलं रूप असतं. जागा, उंची, हात पोचतो का, हे त्यात छान कळतं. फिटिंगचे मायक्रॉन त्यात बघायचे नसतात, ते मॉडेल आणि ड्रॉइंगमध्येच राहतात.

तुमची चूक थ्रीडीतही होऊ शकते बरं का. आमच्याकडे झाली आहे. मॉडेलमध्ये नट रेखला, रिब रेखली, पण पाना रेखलाच नाही! तेव्हापासून प्रत्येक असेंब्लीत (सगळे पार्ट जोडलेल्या मॉडेलमध्ये) पान्याचं मॉडेल ठेवतो. उघड्या तोंडाच्या पान्याचं तोंड १५ अंश तिरकं असतं, म्हणून तो उलटसुलट धरून ३० अंश फिरायला जागा मिळाली तरी काम होतं. पाना फिरेल तेवढ्या जागेचा पंखा नटभोवती आखून ठेवा. मशीनचं कटर धरणारा टूलहोल्डरही मॉडेलमध्ये ठेवा. आणि कास्टिंग मॉडेलसारखं गुळगुळीत येत नाही. पार्टिंग लाइनवर, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथे, फ्लॅश (बाहेर आलेला जास्तीचा धातू) असतो, ड्राफ्ट (साच्यातून निघावं म्हणून दिलेला उतार) असतो. रिबच्या बाजूने दोन-तीन मिमी जास्तीचे धरा.

पैसे लगेच घालू नका. फ्रीकॅड या थ्रीडी सॉफ्टवेअरची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली, त्यात असेंब्ली करायची सोय आता आतच आहे, आणि धंद्यासाठीही फुकट. गिऱ्हाइकाकडून कास्टिंगची स्टेप फाइल (थ्रीडी मॉडेलची फाइल) मागा. मॉडेल जीएलबी या फाइल-प्रकारात काढून फोनवरच्या एआर अ‍ॅपमध्ये (कॅमेऱ्यातल्या खऱ्या चित्रावर मॉडेल उभं करणाऱ्या) उघडा आणि बेंचवर ठेवून काकांना दाखवा. हेडसेटचा अर्धा फायदा तिथेच कळेल.

प्रतिसाद

होलोलेन्स २ च्या नादी लागू नका. मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये त्याचं उत्पादन बंद केलं, सुरक्षा अपडेट ३१ डिसेंबर २०२७ पर्यंतच आहेत. क्वेस्ट ३ चष्म्यावरून लावता येतो, पण तो ५१५ ग्रॅमचा आहे, सगळं वजन कपाळावर आणि गालांवर येतं. शिवाय आजूबाजूचं कॅमेऱ्यातून दिसतं, काचेतून नाही. चालू मशीनच्या जवळ तो कधीही लावू देऊ नका, ऑफिसमध्येच बघायचं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. पंधरा दिवस उशिरा लिहितेय, कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

तेच हाउसिंग घेतलं. गिऱ्हाइकाने स्टेप फाइल लगेच दिली, इतकी वर्षं मी मागितलीच नव्हती. फ्रीकॅडमध्ये बेसप्लेट, लोकेटर, चार क्लॅम्प आणि एकोणीसचा पाना काढला. रात्री जेवणं झाल्यावर बसायचे, नऊ दिवस लागले. पान्याचा पंखा काढल्याबरोबर तो रिबमध्ये घुसलेला दिसला. नऊ दिवसांचं चीज तिथेच झालं.

फोनवर पहिल्यांदा मॉडेल दिसेचना. जीएलबीत माप मीटरमध्ये धरलं जातं, माझं मिलिमीटरचं मॉडेल मधल्या कन्व्हर्टरमधून हजारपट होऊन आलं होतं. ते सुधारलं आणि फोन काकांच्या हातात दिला. त्यांनी आधी बेंचवर हात फिरवून बघितला, खरंच काही नाही ना म्हणून. मग फोन धरून वाकले, बेंचला पूर्ण फेरी मारली. पान्याचं मला माहीतच होतं. ते थांबले मागच्या लोकेटरपाशी. "हितं बुरा साठणार. कास्टिंग नीट बसायचं न्हाई. खालनं वाट द्या त्याला." खऱ्या फिक्स्चरवर तिथेच साठलेला धातूचा बुरा उडवायला रोज एअर मारावी लागते, ऑपरेटरने हे मला कधी सांगितलं नव्हतं.

आता प्रत्येक नवीन काम काकांना असं दाखवूनच मटेरियल मागवायचं ठरवलंय. हेडसेटचे पैसे तूर्त ठेवून दिलेत. फोनच्या छोट्या स्क्रीनवर त्यांच्या डोळ्यांना त्रास होतो, म्हणून मोठा टॅब बघतेय.

उरलेला प्रश्न सॉफ्टवेअरचा. आमच्या एका फिक्स्चरमध्ये साठ-सत्तर पार्ट असतात. एवढी असेंब्ली आणि तिची फर्स्ट अँगल पद्धतीची डिटेल ड्रॉइंग्ज फ्रीकॅडवर रोज करणारं इथे कुणी आहे का? की तिथे अडकायला होतं आणि शेवटी पैसे भरून दुसरं घ्यावंच लागतं? शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलमध्ये कुणी असेल तर प्रत्यक्ष येऊन बघायला आवडेल, काकांना घेऊन येईन.